अर्जातील निवड आणि तिचे वाचन

बेळगावची एखादी विद्यार्थिनी आज परीक्षेचा अर्ज संगणकाच्या पडद्यावर भरते. नाव लिहून होते, जन्मतारीख होते, आणि मग 'परीक्षेचे माध्यम' अशी एक अरुंद चौकट समोर येते. तिच्या उजव्या कडेला खाली टोक असलेला एक लहानसा बाण असतो. त्यावर टिचकी मारली की यादी उलगडते: इंग्रजी, उर्दू, कन्नड, मराठी, हिंदी. विद्यार्थिनी मराठीवर टिचकी मारते, यादी मिटते, आणि चौकटीत 'मराठी' ही अक्षरे दिसू लागतात. तिच्या दृष्टीने काम संपले. यंत्राच्या दृष्टीने ते येथून पुढे सुरू व्हावयाचे असते. कारण पडद्यावर अक्षरे दिसणे ही एक गोष्ट, आणि ती निवड कोणी तरी वाचून योग्य जागी नोंदविणे ही दुसरी. या दोहोंमधला दुवा म्हणजे पानाबरोबर आलेला 'स्क्रिप्ट', ज्याला मराठीत आज्ञालेख म्हणता येईल. हा दुवा नीट जुळलेला नसला तर मराठी माध्यम मागणाऱ्या मुलीपुढे परीक्षेच्या दिवशी इंग्रजी प्रश्नपत्रिका येऊन पडते. मुलगी म्हणते, मराठीच निवडली होती. कचेरी म्हणते, नोंदीत इंग्रजी आहे. आणि दोघेही खरेच बोलत असतात.

वेबवरील अर्ज हे आज्ञालेखाहून थोडे जुने. जिनिव्हाजवळील 'सर्न' या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची योजना मांडली, तेव्हा पाने मुख्यतः वाचण्यासाठी होती. अर्ज भरून घेण्याची सोय पुढच्या काही वर्षांत आली, आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीच्या नियमपत्रात तिला रीतसर स्थान मिळाले. यादीसाठी 'सिलेक्ट' आणि यादीतील प्रत्येक नोंदीसाठी 'ऑप्शन' ही नावे त्या नियमपत्रात आहेत, आणि आजही तीच चालतात. मात्र त्या पहिल्या दिवसांत वाचकाने काय निवडले हे कळण्यास वाट एकच होती: सारा अर्ज दूरच्या सर्व्हरकडे पाठवावयाचा आणि उत्तराची वाट पाहावयाची. दूरध्वनीच्या तारेवरून चालणाऱ्या त्या संथ जोडणीत एक चौकट रिकामी राहिली एवढे कळण्यासाठीही एक पूर्ण खेप खर्ची पडे.

ही खेप वाचविण्याची सोय नेटस्केप कंपनीने केली. तिच्या ब्राउझरसाठी ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये अवघ्या १० दिवसांत एका लहान भाषेचा पहिला नमुना तयार केला. आरंभी तिचे नाव 'मोका' होते, मग 'लाइव्हस्क्रिप्ट' झाले, आणि डिसेंबर १९९५ मध्ये ती 'जावास्क्रिप्ट' या नावाने जाहीर झाली. जावा या भाषेशी तिचे नाते नावापुरतेच. तेव्हा जावाचा बोलबाला होता, त्याचा लाभ नव्या भाषेस व्हावा एवढाच त्या बारशाचा हेतू. १९९७ साली तिचे प्रमाणीकरण झाले. वाचकाच्याच संगणकावर, त्याच्या डोळ्यांसमोर असलेल्या पानातच, त्याने केलेली निवड वाचता येऊ लागली ती या भाषेमुळे.

आता यादीकडे वळावयाचे, तर प्रथम एक गोष्ट ध्यानात घेणे अवश्य आहे. यादीतील प्रत्येक पर्यायाला दोन अंगे असतात. एक अंग माणसासाठी. ते पडद्यावर दिसते. दुसरे यंत्रासाठी, ते पानाच्या मजकुरात लिहिलेले असते, परंतु वाचकाला दिसत नाही. या दुसऱ्या अंगाला 'व्हॅल्यू' म्हणतात. मराठीत त्यास संकेत म्हटले तर अर्थ बिघडत नाही.

ही दोन अंगे कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर वाचकांच्या नित्य परिचयाच्या एका उदाहरणात आहे. बॉम्बेचे अधिकृत नाव १९९५ साली मुंबई झाले. तरी विमानाच्या तिकिटावरील संकेत आजही 'बीओएम' असाच आहे. बडोद्याचे वडोदरा झाले. रेल्वेच्या दप्तरी ते स्थानक 'बीआरसी'च राहिले. कर्नाटक शासनाने नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचे नाव बदलून बेळगावी केले. आणि शहराचे नाव कसे लिहावे यावर तेथील मराठी माणसाचे मत काय आहे हे सांगावयास नकोच. माणसासाठीचे नाव बदलते, त्यावर वाद होतात, त्याची लिपी आणि लेखन निरनिराळे असते. संकेताने मात्र स्थिर राहावयाचे असते. पर्यायाच्या दिसत्या अंगावर कोणतेही नाव लिहा, मागचा संकेत एकच असला म्हणजे वीस वर्षांपूर्वीची नोंद आणि आजची नोंद एकाच गावाची आहे हे यंत्राला कळते. ज्याने अर्ज बांधताना संकेत लिहिण्याचा आळस केला, त्याच्या यादीत दिसणारे नाव हाच संकेत ठरतो. तशी नियमातच तरतूद आहे. पहिल्या दिवशी ही तरतूद सोयीची वाटते. नाव बदलण्याचा दिवस उजाडला की तिची किंमत कळते.

वाचनाची प्रत्यक्ष कृती तशी साधी आहे. पानातील यादीला एक ओळखनाम दिलेले असते. 'माध्यम' असेच ते आहे असे समजू. आज्ञालेख ब्राउझरला सांगतो, या ओळखनामाची यादी शोधून दे. यादी हाती आली की तिला तिची 'व्हॅल्यू' विचारावयाची. उत्तर म्हणून निवडलेल्या पर्यायाचा संकेत मिळतो. दोन ओळींचे काम. संकेताऐवजी दिसणारी अक्षरेच हवी असतील, तर वाट थोडी वळणाची आहे: निवडलेल्या पर्यायाचा क्रमांक विचारावयाचा, त्या क्रमांकाचा पर्याय यादीतून उचलावयाचा आणि त्याचा मजकूर वाचावयाचा. जुन्या पुस्तकांतून संकेत वाचण्यासाठीही हीच वळणाची वाट दाखविलेली आढळते. आज त्या कामी तिची गरज राहिलेली नाही.

या क्रमांकाविषयी मात्र सावध राहावे. तो शून्यापासून सुरू होतो. वरच्या यादीत मराठी चौथी दिसते, पण तिचा क्रमांक ३. याची सवय होते. खरा धोका निराळाच आहे. कोणी संकेत न नोंदविता हा क्रमांकच नोंदवून ठेवला, आणि पुढील वर्षी यादीत कोंकणी वाढली, तर वर्णक्रमाने ती कन्नडच्या पुढे आणि मराठीच्या मागे बसते. मराठी चौथ्या क्रमांकावर सरकते, आणि गतवर्षी मराठी निवडलेले सारे विद्यार्थी कागदोपत्री कोंकणीचे होऊन बसतात. कोणाचीही निवड बदललेली नाही, यादीत एक न्याय्य भर पडली आहे, आणि तरीही शेकडो नोंदी खोट्या ठरतात. क्रमांक हा जागेचा असतो, वस्तूचा नव्हे.

यापुढचा प्रश्न 'कोठे' याहून 'केव्हा' याचा आहे, आणि नवशिक्या आज्ञालेखकाची पहिली ठेच बहुधा येथेच लागते. तो आज्ञालेख लिहितो, यादीची व्हॅल्यू विचारतो, ती एका नावाखाली जपून ठेवतो; आणि मग नवल करीत बसतो की वाचकाने काहीही निवडले तरी उत्तर 'इंग्रजी' हेच कसे येते. कारण उघड आहे. पान उघडताच आज्ञालेख वरपासून खालपर्यंत एकदा चालून गेला. त्या क्षणी विद्यार्थिनीने यादीला हातही लावलेला नव्हता. मतदान सुरू होण्यापूर्वीच पेटी उघडून मोजणी करावी, त्यातला हा प्रकार. आणि एकदा वाचून ठेवलेला संकेत पुढे आपोआप बदलत नाही. तो त्या क्षणाचे छायाचित्र असतो.

यास्तव आज्ञालेखाने वाचन स्वतः होऊन न करता, निवड बदलल्याची वर्दी आली म्हणजे करावे, अशी व्यवस्था असते. या वर्दीला 'चेंज' असे नाव आहे. विद्यार्थिनीने पर्याय बदलला की ब्राउझर ही वर्दी देतो, आणि आधीच सांगून ठेवलेले काम त्या वेळी पार पडते. अर्ज पाठविण्याच्या क्षणाचीही अशीच निराळी वर्दी असते. केवळ अंतिम निवडच हवी असेल तर ती त्या क्षणी वाचणे सर्वांत सुरक्षित. मधल्या काळात तिने दहा वेळा मन बदलले तरी बिघडत नाही.

वर्दीच्या या व्यवस्थेत एक बारकावा आहे, तो न कळल्याने पुष्कळ घोटाळे होतात. वर्दी माणसाच्या हातून झालेल्या बदलाचीच येते. आज्ञालेखाने स्वतःच यादीचा पर्याय बदलला तर 'चेंज'ची घंटा वाजत नाही. राज्य निवडले की त्या राज्याचे जिल्हे दुसऱ्या यादीत भरावयाचे, ही सोय असंख्य अर्जांत असते. समजा, पूर्वीची नोंद पाहून आज्ञालेखाने राज्याच्या चौकटीत 'मध्य प्रदेश' आणून बसविले. वर्दी आली नाही, म्हणून जिल्ह्यांची यादी जुनीच राहिली. आणि मग ग्वाल्हेरच्या माणसाला आपला जिल्हा शोधूनही सापडत नाही. काही ब्राउझर पान पुन्हा उघडताना आधीची निवड परत आणून ठेवतात, तेव्हाही अशीच फसगत संभवते. म्हणून जाणता आज्ञालेखक वाचनाचे काम एका जागी लिहून ठेवतो, आणि ते दोनदा योजतो: पान उघडताच एकदा, आणि पुढे प्रत्येक वर्दीला.

इतके सारे तंत्राचे झाले. परंतु या विषयात सर्वांत अधिक विचार करावयास लावणारी बाब तंत्राची नाही. ती अशी की, उलगडत्या यादीत 'काहीच निवडले नाही' अशी अवस्था सहसा नसते. नियम असा आहे की, एकच पर्याय घेणाऱ्या अशा यादीत कोणताही पर्याय आधी ठरवून दिलेला नसेल, तर निवडता येण्याजोगा पहिला पर्याय आपोआप निवडलेला समजावा. आज्ञालेखाने विचारले की तोच उत्तर म्हणून येतो. वाचकाने तो मुद्दाम निवडला, की चौकटीकडे त्याचे लक्षच गेले नाही, हे त्या संकेतावरून मुळीच ओळखता येत नाही.

एखाद्या अर्जात मातृभाषेची यादी आहे आणि तीत राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषा ओळीने मांडल्या आहेत, अशी कल्पना करावी. रोमन लिपीच्या क्रमाने लावा किंवा देवनागरीच्या, पहिली येते ती आसामी. इंदूरच्या ज्या गृहस्थांनी त्या चौकटीला हात लावला नाही, हैदराबादच्या ज्या बाईंना ती घाईत दिसली नाही, ते सारे एका रात्रीत आसामी भाषिक होतात. अर्ज हजारांनी असले तर त्या नोंदी एकत्र करून कोणी भाषावार आकडे काढतो, आणि आकडा एकदा छापला गेला की त्याला पुराव्याचे तेज चढते. मराठी मुलखाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या समाजाला आपल्या संख्येवर शाळा, ग्रंथालये आणि अनुदाने अवलंबून असल्याचा अनुभव आहे. त्याला या चुकीचे मोल निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. मौनाला संमती मानणे एक वेळ क्षम्य ठरेल. येथे मौनाला थेट उत्तर मानले जाते.

उपाय जुना आणि सोपा आहे. यादीच्या शिरोभागी 'माध्यम निवडा' अशी एक सूचनेची ओळ पर्याय म्हणून ठेवावयाची, तिचा संकेत रिकामा ठेवावयाचा, आणि यादीवर 'रिक्वायर्ड' म्हणजे 'आवश्यक' असा शेरा लिहावयाचा. संकेत रिकामा असेतोवर ब्राउझर अर्ज पुढे जाऊ देत नाही. परंतु येथेही मघाची तरतूद आडवी येते. सूचनेच्या ओळीला रिकामा संकेत मुद्दाम लिहून दिला नाही, तर तिची दिसणारी अक्षरे हाच संकेत होतो. तो रिकामा नसल्यामुळे 'आवश्यक'चा पहारेकरी समाधानाने बाजूला सरतो, आणि दप्तरात विद्यार्थिनीचे माध्यम म्हणून 'माध्यम निवडा' अशी नोंद होते. हसू येण्याजोगी ही चूक आहे, पण ती ज्याच्या नोंदीत घडते त्याला हसू येत नाही.

एकातून एक निवडण्याची दुसरी रीत गोल बटणांची. पर्याय तीन-चारच असतील तर यादी मिटवून ठेवण्यापेक्षा सारे पर्याय उघडे मांडणे वाचकाच्या सोयीचे. या बटणांना 'रेडिओ बटणे' म्हणतात. नभोवाणीच्या श्रोत्यांना या नावाचे कौतुक वाटावे. मोटारीतील जुन्या रेडिओला स्थानके बदलण्यासाठी दाबावयाच्या कळांची ओळ असे. एक कळ दाबली की आधी दाबलेली वर उसळून येई, कारण एका वेळी एकच स्थानक ऐकावयाचे. त्या कळा मोटारींतून गेल्या, नाव पडद्यावर राहिले.

यंत्राच्या दृष्टीने गोल बटणांची गोष्ट यादीहून वेगळी आहे. यादी ही एक वस्तू. बटणे मात्र प्रत्येकी स्वतंत्र, केवळ समान नावाने एकत्र बांधलेली. म्हणून 'या नावाच्या बटणांपैकी जे दाबलेले आहे ते दे' असे विचारावे लागते. आणि येथे पहिले बटण आपोआप दाबले जात नाही. कोणतेच दाबलेले नसेल तर 'असे काही नाही' एवढेच उत्तर येते. त्या नाहीपणालाच संकेत विचारला तर आज्ञालेख जागच्या जागी थांबतो. आधी बटण मिळाले का हे पाहावे आणि मगच त्याचा संकेत वाचावा. हे थांबणे त्रासाचे खरे, तरी यादीच्या मुकाट्याने दिलेल्या खोट्या उत्तरापेक्षा ते प्रामाणिकच म्हटले पाहिजे.

चौकोनात बरोबरची खूण करावयाची तिसरी रीत थोडक्यात सांगता येईल. तेथे संकेत विचारून उपयोग नाही. खूण असो वा नसो, संकेत तोच मिळतो. खूण आहे की नाही हे 'चेक्ड' या निराळ्या गुणाला विचारावे लागते. अर्ज पाठविताना खूण नसलेली चौकोने सर्व्हरकडे जातच नाहीत, हेही ओघाने आले. एकाहून अधिक पर्याय घेणाऱ्या यादीलाही तिची व्हॅल्यू विचारू नये. ती निवडलेल्यांपैकी पहिल्याचाच संकेत सांगून मोकळी होते. मराठी, हिंदी आणि कोंकणी अशा तिन्ही येतात असे सांगणाऱ्या गोव्याच्या उमेदवाराच्या दोन भाषा अशा रीतीने गळून जातात. निवडलेल्या साऱ्या पर्यायांची मालिका मागून ती एकेक करून वाचणे, हीच तेथील रीत.

हाती आलेला संकेत कसा वापरावा याविषयी दोन गोष्टी सांगावयास हव्यात. पहिली अशी की, संकेत नेहमी अक्षरांचा असतो, अंकांचा दिसला तरीही. तिकिटांच्या यादीतून २ निवडले आणि आज्ञालेखाने त्यात १ मिळविला, तर ३ न होता २१ होतात. कारण जावास्क्रिप्ट अक्षरांशी बेरीज करताना एकापुढे दुसरे चिकटविते. संकेताचे आधी संख्येत रूपांतर करून घ्यावे लागते.

दुसरी गोष्ट विशेषेकरून देवनागरीची आहे. 'कऱ्हाड' हा शब्द घ्या. यातील अर्धा र संगणकात एकाहून अधिक रीतींनी साठविता येतो. एका रीतीत नुक्ता असलेल्या र या अक्षराला हलन्त जोडतात. दुसऱ्या रीतीत साध्या र ला हलन्त जोडून त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह ठेवतात. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे. आज्ञालेखाने त्यांची तुलना केली तर मात्र ते भिन्न ठरतात, कारण तो आकृती पाहत नाही, तिच्यामागचे क्रमांक पाहतो. आज्ञालेखात एका रीतीने लिहिलेले 'कऱ्हाड' आणि यादीत दुसऱ्या रीतीने लिहिलेले 'कऱ्हाड' यांची गाठ कधीच पडत नाही, आणि डोळ्यांनी कितीही निरखले तरी दोष सापडत नाही. बेळगाव आणि जुन्या लेखनातील बेळगांव यांचा भेद निदान दिसतो तरी. अक्षरांचे रूप एकसारखे करून घेण्याची एक सोय जावास्क्रिप्टमध्ये आहे, पण ती या जोडचिन्हापर्यंत पोहोचत नाही. दिसणारे नाव देवनागरीत सुंदर लिहावे, आणि तुलनेसाठी मागे आखूड, साधा, न बदलणारा संकेत ठेवावा, हे अधिक बरे.

राहता राहिला सर्व्हर. आज्ञालेखाने कितीही काळजीने वाचन केले, तरी ते घडते वाचकाच्या संगणकावर. आणि तेथील पान वाचकाच्या अधीन असते. ब्राउझरमध्येच अशी साधने आहेत की, ज्याला इच्छा आहे तो यादीत नसलेला पर्याय तीत घालू शकतो, किंवा पान बाजूस ठेवून हवा तो संकेत परस्पर पाठवू शकतो. पर्यायाच्या संकेतात तिकिटाचा दर लिहून ठेवणाऱ्या आणि आलेला दर निमूटपणे मान्य करणाऱ्या दुकानदाराला १०० रुपयांची वस्तू एका रुपयाला विकावी लागेल. यासाठी सर्व्हरने आलेला संकेत आपल्या स्वतःच्या यादीशी ताडून पाहावा. यादीत नसलेला संकेत नाकारावा आणि दर आपल्या वहीतून घ्यावा. त्याबरोबर अर्ज स्वीकारल्याची पोच देताना नोंदविलेले माध्यम अक्षरांत लिहून विद्यार्थिनीपुढे ठेवावे, आणि हे माध्यम पानातल्या चौकटीतून न उचलता दप्तरात प्रत्यक्ष बसलेल्या नोंदीतून वाचून काढावे. 'इंग्रजी' असे तिथे दिसले, तर ते तिला परीक्षेच्या कितीतरी आधी दिसेल.